फोनच कॉम्प्युटर झाला तर? दुकानासाठी आगाऊ ४५ हजार भरण्याआधी हे वाचा



सांगलीच्या मागच्या बॅचमध्ये एक मुलगा सगळे निघून गेल्यावरही थांबला होता. मिरजेचा, वय चोवीस-पंचवीस. आईच्या हातच्या चटण्या आणि हळद-मसाल्याचे पाऊच विकायचे, असा त्याचा प्लॅन. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाला, "सर, हा फोन बघा. मॉनिटरला जोडला की कॉम्प्युटर होतो. अजून बाजारात आला नाही, पण आत्ता पैसे भरले तर स्वस्तात मिळतोय. मग वेगळा कॉम्प्युटर घ्यायलाच नको ना?"

किंमत रुपयांत साधारण ४५ हजार. धंद्यासाठी त्याने साठवलेले एकूण पैसे होते एक लाख दहा हजार. म्हणजे मसाला दळायच्या आधीच भांडवलातला चाळीस टक्के हिस्सा एका फोनमध्ये. तोही असा फोन, जो अजून कुणाच्या हातात आलेला नाही.

त्या दिवशी मी त्याला एवढंच म्हणालो की आठ दिवस पैसे भरू नकोस. नीट उत्तर द्यायला वेळ हवा होता, कारण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. हाच प्रश्न मलाही एकदा पडला होता. व्हिडिओत हे दहा मिनिटांत उरकलं, इथे जरा सविस्तर लिहितो.

२०१३ ची गोष्ट

बीबीए संपवून मी तेव्हा नुकताच साताऱ्यात आमच्या पॅकिंग मटेरियलच्या दुकानात बसायला लागलो होतो. २२ जुलै २०१३ ला कॅनॉनिकल कंपनीने उबुंटू एज नावाच्या फोनची घोषणा केली. उबुंटू म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. ती बनवणारी हीच कंपनी, आणि तिचे संस्थापक मार्क शटलवर्थ. फोन कसा? साडेचार इंचाची स्क्रीन, ४ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, स्क्रीनवर नीलमणी स्फटिकाची काच. त्या वर्षी हे आकडे वाचून डोळे फिरायचे. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला २ जीबी रॅम होती! खिशात असताना तो अँड्रॉइड किंवा उबुंटूवर चालणारा फोन, आणि मॉनिटरला जोडला की पूर्ण उबुंटू डेस्कटॉप. कार कंपन्या फॉर्म्युला वनच्या शर्यतीत जसं नवं तंत्र आजमावतात, तसं फोनच्या धंद्यात करू, असं ते सांगत होते.

फोन बनवायला कंपनीने लोकांकडेच पैसे मागितले. इंडिगोगो या वेबसाईटवर एका महिन्यात ३ कोटी २० लाख डॉलर जमवायचे, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १९० कोटी रुपये. पहिल्या दिवशी ६०० डॉलरला फोन, नंतर किंमत वाढली, मग लोक येईनात म्हणून ६९५ वर आणली. ब्लूमबर्गसारख्या मोठ्या कंपनीने ८० हजार डॉलर लावले. तरी २१ ऑगस्टला मुदत संपली तेव्हा जमले होते सुमारे १ कोटी २८ लाख डॉलर. रक्कम मोठी, पण लक्ष्याच्या चाळीस टक्केच. फोन बनलाच नाही. लोकांना पैसे परत मिळाले.

पैसे परत का मिळाले, हे समजून घ्या. त्या मोहिमेची अटच तशी होती: लक्ष्य गाठलं तरच कंपनीला पैसे, नाहीतर सगळे माघारी. प्रत्येक मोहिमेला ही अट नसते. इंडिगोगोवर दुसराही प्रकार चालत आला आहे. त्यात लक्ष्य गाठो न गाठो, जमलेला पैसा मोहीम चालवणाऱ्याकडे जातो. किकस्टार्टर या दुसऱ्या वेबसाईटवर सगळं किंवा काहीच नाही, असा नियम आहे. पण लक्ष्य पूर्ण झालं म्हणजे वस्तू वेळेवर येईलच, असं तिथेही नाही.

हे उदाहरण बघा. २०१७ मध्ये प्युरिझम या अमेरिकन कंपनीने लिब्रेम ५ नावाच्या फोनसाठी १५ लाख डॉलर मागितले, मिळाले २० लाखांच्या वर. हाही मॉनिटरला जोडून कॉम्प्युटरसारखा वापरायचा फोन. जानेवारी २०१९ ला देऊ म्हणाले होते. बऱ्याच जणांना त्यानंतर कितीतरी जास्त थांबावं लागलं. २०१६ मध्ये सुपरबुक नावाचा एक डबा आला होता. दिसायला लॅपटॉप, आत कॉम्प्युटर नाही, तुमचाच अँड्रॉइड फोन त्याला जोडायचा. ९९ डॉलर किंमत. त्याला ५० हजार डॉलर हवे होते, मिळाले २९ लाखांच्या वर. तरीही कबूल केलेल्या तारखा पाळल्या गेल्या नाहीत.

आणि आपल्याकडचं २५१ रुपयांच्या फोनचं प्रकरण विसरला नसालच. फेब्रुवारी २०१६. ते क्राउडफंडिंग नव्हतं, साधं आगाऊ बुकिंग होतं, पण बुकिंगच्या पहिल्याच दिवशी गर्दीने वेबसाईट बंद पडली होती. आमच्या गल्लीतही तिघांनी प्रयत्न केला होता. त्यातला एक मी. (हसू नका.)

सांगायचा मुद्दा असा की अशा वेबसाईटवर पैसे भरता तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक नसता. समोरच्याच्या धंद्यात बिनव्याजी पैसा घालणारे असता, आणि त्या धंद्यात तुमची भागीदारीही नसते. ज्याच्याकडे जास्तीचा पैसा आहे त्याने हौस म्हणून हे जरूर करावं, वाईट काही नाही. पण तुमचा स्वतःचाच धंदा अजून उभा राहायचाय.

कागदोपत्रीही अडचण आहे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून किंवा बँकेतून कर्ज काढणार असाल तर मशिनरीचं कोटेशन आणि नंतर जीएसटी बिल लागतं. क्राउडफंडिंगच्या पावतीला बँकेचा मॅनेजर काय म्हणेल, विचार करा. टॅक्स इनव्हॉइस नाही, मग इनपुट क्रेडिट नाही. वस्तू परदेशातून आली तर दारात कस्टम ड्युटी आणि वर १८ टक्के जीएसटी. बिघडली तर सर्व्हिस सेंटर साताऱ्यात सोडा, पुण्यातही नसेल. स्वस्त म्हणून घेतलेला ४५ हजारांचा फोन असा साठ हजारांपर्यंत जाऊ शकतो.

पण कल्पना खरी ठरली का?

ठरली, पण वेगळ्या दाराने आली. मोटोरोलाने २०११ मध्येच एट्रिक्स नावाचा फोन लॅपटॉपसारख्या डॉकसोबत आणला होता, तो चालला नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ल्युमिया ९५० फोनला असं करता येईल अशी सोय दिली, पुढे त्यांचा फोनचा धंदाच बंद पडला. २०१७ ला सॅमसंगने गॅलॅक्सी एस ८ बरोबर डेक्स आणलं, ते मात्र टिकलं. २०२१ पासून मोटोरोलाच्या काही वरच्या फोनमध्येही तशी सोय आली. २०२५ मध्ये गुगलने अँड्रॉइडमध्येच डेस्कटॉपसारख्या खिडक्या आणायचं काम जाहीर केलं. म्हणजे २०१३ ला ज्यासाठी लोक आगाऊ पैसे भरत होते, ते आज दुकानात जाऊन, बिल घेऊन, हातात धरून बघून विकत घेता येतं. मिरजेच्या मुलाला मी पहिलं हेच सांगितलं: फोन-कॉम्प्युटर हवाच असेल तर बाजारात आलेला घे.

आता एक तांत्रिक गोष्ट, पण सोपी आहे. फोन मॉनिटरला जोडण्यासाठी त्याच्या चार्जिंगच्या टाईप-सी पिनमधून चित्र बाहेर यावं लागतं. दहा-पंधरा हजारांच्या बहुतेक फोनमध्ये ती सोय नसते. पिन दिसायला सारखीच, पण ती फक्त चार्जिंग आणि फाईल पाठवण्यापुरती. बाजारातून हब आणाल, केबल आणाल, मॉनिटर काळाच राहील. म्हणून फोनच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधा. नसेल तर दुकानदार काहीही सांगो, घेऊ नका. टीव्हीवर वायरशिवाय चित्र पाठवणं वेगळं. त्यात बहुतेक फोनची उभी स्क्रीनच मोठी दिसते, कॉम्प्युटर होत नाही.

दुसरी अडचण पिनची नाही, आतल्या मेंदूची आहे. फोनचा प्रोसेसर एका जातीचा, आपल्या नेहमीच्या विंडोज कॉम्प्युटरचा बहुधा दुसऱ्या जातीचा. शिवाय फोनमध्ये चालतं अँड्रॉइड. त्यामुळे विंडोजसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर फोन कितीही महाग असला तरी त्यात थेट बसत नाही. टॅली प्राईम हे विंडोजचं. कोरलड्रॉ विंडोज किंवा मॅकचं. साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे किंवा लग्नपत्रिकावाल्याकडे डोकावून बघा. कोरलड्रॉ उघडं असतं आणि मराठी मजकूर श्रीलिपीत. तुम्हाला डीटीपीचा धंदा करायचा असेल तर फोन-कॉम्प्युटरचा विषय इथेच संपला. सरकारी टेंडर भरणार असाल तर डिजिटल सिग्नेचरचा पेनड्राईव्हसारखा टोकन लागतो, त्यालाही कॉम्प्युटरच धरून चाला. कंपनी किंवा एलएलपी असेल तर जीएसटी रिटर्नलाही डिजिटल सिग्नेचर लागते. एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर मात्र ओटीपीवर काम होतं.

टॅली भाड्याच्या सर्व्हरवर ठेवून फोनच्या स्क्रीनवर उघडता येतं, हे मला माहीत आहे. पण त्याला दर महिन्याचं भाडं आणि अखंड नेट लागतं. सुरुवातीला ती भानगड नको.

आता दुसरी बाजू. बिल बनवणं, स्टॉक बघणं, उधारीची आठवण पाठवणं, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणं, यूपीआय, उद्यम नोंदणी, फूड लायसन्सचा अर्ज, एक्सेलमधला छोटा हिशोब, हे सगळं फोनवर होतं. व्यापार किंवा मायबिलबुकसारखी अ‍ॅप आहेत, ब्लूटूथने चालणारा दोन इंची थर्मल प्रिंटर आहे, बारकोड कॅमेऱ्याने वाचता येतो. सांगलीतून बेळगाव-अथणीकडे माल गेला तर राज्य बदलतं, मग पन्नास हजारांच्या वर ई-वे बिल लागतं. तेही फोनवरून काढता येतं. या कामांना मॉनिटर जोडायचीही गरज नाही. साधा फोन पुरतो. म्हणून मी उलटं विचारतो: तुमचं नेमकं कुठलं काम आहे, जे साध्या फोनवर होत नाही पण मॉनिटर जोडलेल्या फोनवर होतं? लांबलचक स्टॉक यादी भरणं, कॅटलॉग बनवणं, मोठा ईमेल लिहिणं, सीएला पाठवायची एक्सेल तपासणं. झालं. एवढ्यासाठी ब्लूटूथ कीबोर्ड आणि जुना टॅबही चालतो.

कॉम्प्युटर खिशात गेला की गल्ला कोण सांभाळणार?

ही गोष्ट मला कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सापडली नाही, कारण रिव्ह्यू करणाऱ्याचं दुकान नसतं.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः तीन आठवडे फोन मॉनिटरला जोडून दुकान चालवून बघितलं. पहिले दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी बँकेत जायचं होतं. फोन काढला आणि निघालो. दहा मिनिटांत बायकोचा फोन, "अहो, बिल कशावर करू?" दुकानाचा कॉम्प्युटर माझ्या खिशात होता! आपल्याकडे दुकान एकटा माणूस चालवत नाही. आई बसते, बायको बसते, दुपारी जेवणाच्या वेळी कामावरचा मुलगा बसतो. फोन हा एका माणसाचा असतो आणि गल्ला घराचा. उबुंटू एजवाल्यांनी एकट्याने काम करणाऱ्या माणसाचा विचार केला असणार. काऊंटरचा नाही.

दुसरी गंमत अशी की गिऱ्हाईक समोर उभं असताना मॉनिटरवर मेव्हण्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज झळकला. त्यात त्याच गिऱ्हाईकाच्या उधारीचा विषय होता. पुढचं सांगत नाही.

तिसरा फटका मोठा होता. सातारा स्टँडवर एसटीत चढताना फोन खिशातून गेला. बिलाचं अ‍ॅप गेलं, सिम गेलं, सिमबरोबर ओटीपी गेले. बँक, यूपीआय, जीएसटी, सगळं त्या एका नंबरवर. नवं सिम चालू होऊन सगळं परत जागेवर यायला तीन दिवस लागले. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता, मिठाईच्या बॉक्सचा सीझन. किती नुकसान झालं ते लिहवत नाही. तेव्हापासून बिलिंगचा नंबर वेगळा आणि बँकेचा वेगळा. बँकेचं सिम ज्या साध्या बटणाच्या फोनमध्ये आहे, तो घरीच असतो.

आता तुम्ही म्हणाल, मग डेस्कटॉपच बरा. थांबा, सांगलीकरांना विचारा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक, सगळं पाण्यात. पुढच्या वर्षी माझ्या वर्गाला आलेल्या एका स्टेशनरीवाल्या काकांचा सीपीयू काऊंटरखाली होता, नेहमी असतो तसा. पाणी उतरल्यावर त्यातून चिखल निघाला. चार वर्षांचा हिशोब आणि उधारीची सगळी यादी त्यात. बॅकअप होता, रोज घ्यायचे बिचारे. पेनड्राईव्ह त्याच काऊंटरच्या ड्रॉवरमध्ये होता. उधारी मागायला गेले तेव्हा निम्म्या लोकांनी आकडा कमी सांगितला, आणि काकांकडे दाखवायला काहीच नव्हतं. पुन्हा जुलै २०२१ ला पूर आला, तेव्हा त्यांनी सीपीयू माळ्यावर नेला आणि हिशोब रोज रात्री गुगल ड्राईव्हवर जात होता.

म्हणून फोन की डेस्कटॉप हे ठरवायच्या आधी हिशोब दोन ठिकाणी आहे का, ते बघा. एक जागा दुकानात, दुसरी दुकानाच्या बाहेर. जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. कुठलाही फोन सहा वर्षं तुमच्याजवळ राहील, याची खात्री धरू नका. माझा तर तीन आठवडेही राहिला नाही.

मग घ्यायचं काय?

पहिले सहा महिने बहुतेकांनी काहीच घेऊ नये. जो फोन आहे त्यावर बिलाचं अ‍ॅप आणि एक थर्मल प्रिंटर. एका वहीत रोज लिहा: आज कुठलं काम फोनवर अडलं? महिन्याने वही उघडा. टॅली, डिजिटल सिग्नेचर, डीटीपी किंवा लेबलचा विंडोजवर चालणारा प्रिंटर यातलं काही वहीत दिसलं तर कॉम्प्युटर घ्या. नुसतं "स्क्रीन लहान वाटते" एवढंच असेल तर टॅब आणि कीबोर्डवर भागवा. फोन-कॉम्प्युटर त्याच माणसाला शोभतो जो फिरतीवर असतो, दोन गावांत काम करतो, एकटा असतो आणि तसाही तीस-चाळीस हजारांचा फोन घेणारच असतो. वहिनींनी कुर्डुवड्या विकायच्या तर तो कशाला?

कॉम्प्युटर लागलाच तर नवा कोरा हवा असं नाही. मोठ्या ऑफिसांमधून निघालेले, साफसूफ करून विकलेले डेस्कटॉप मिळतात. फक्त एक बघा: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचाच घ्या. सहाव्या-सातव्याचे ढीग आता स्वस्तात दाखवतील, भुलू नका. बिल घ्या, साधा यूपीएस घ्या, आणि सांगलीत दुकान असेल तर मशीन काऊंटरखाली ठेवू नका.

मिरजेच्या मुलाने आठ दिवस वाट बघितली. नवव्या दिवशी मेसेज आला, त्याने पैसे भरले नाहीत. एका बॅचमेटबरोबर वसंतदादा मार्केट यार्डात जाऊन त्याने हळदीचा पहिला माल उचलला आणि हातशिलाईच्या पिशव्यांऐवजी पाऊच सील करायचं मशीन घेतलं. बिलं फोनवरच करतो. मागच्या आठवड्यात त्याने विचारलं, "सर, आता पाऊचवर बॅच नंबर आणि तारीख छापायचीय, त्याला कॉम्प्युटर लागेल का?" हातात धरून मारायची शाईची छोटी मशीन मिळतात, ती बघ म्हणालो. त्या मशीनवर पुढचा व्हिडिओ करतोय.